गाळा नंबर

“रोजच्या गाड्या किती?” साहेबांनी विचारलं.

“दहा-बारा,” राजेश्वरी म्हणाली.

साहेब खुर्चीत पुढे सरकले. बेलापूरच्या या वकिलांच्या फर्ममध्ये शिकाऊ वकिलाची एकच जागा होती, आणि ती मिळणार असं राजेश्वरीला पहिल्यांदाच वाटू लागलं. याआधी सहा ऑफिसं झाली होती. कायद्यातला तिचा पहिला वर्ग सगळ्यांना आवडे. पुढे पत्त्यात ‘माथाडी वसाहत’ वाचलं की साहेबांना अचानक कोर्टाची आठवण येई. म्हणून यावेळी तिने नुसतं ‘कोपरखैरणे’ लिहिलं होतं. वडील? वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात. त्यात खोटं काहीच नव्हतं.

कॉफी आली. बशीत बिस्किटंही होती. व्यापारी मंडळींची कामं फर्मला हवीच आहेत, असं साहेबांनी दोनदा सांगितलं, आणि सोमवारपासून यायलाही सांगितलं. 

“वडिलांना घेऊन या एकदा. गाळा नंबर किती?”

आता कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. एखादा नंबर सांगून टाकायचा, की सोमवार आपला. मार्केटात गाळे काय कमी होते?

“गाळा नाही सर. ते गाड्या उतरवतात. पाठीवर.”

साहेबांनी श्रमाच्या महत्त्वावर चार वाक्यं बोलून घेतली. चांगली होती. मग कळवतो म्हणाले. सोमवारचं विचारलं, तर सोमवारी ऑफिसला रंग लावायचा निघाला.

खाली तिचे वडील, आप्पा, इस्त्रीचा शर्ट घालून ताटकळत उभे होते. आज त्यांनी खाडा केला होता.

“काय इचारलं सायबानं?”

“निम्मा वेळ तुमचंच विचारत होते.”

“माजं?” आप्पांनी आधी टोपी सरळ केली. “आन् तू काय सांगितलंस?”

“गाड्या उतरवतात म्हणून सांगितलं.”

आप्पांचा चेहरा पडला. “नुसतं तेवढंच? आगं, टोळीचा मुकादम हाय म्हनायचं. दोन वर्सं झाली की आता.”

“चुकलं आप्पा. पुढच्या ठिकाणी सांगते.”

 आप्पांनी तिच्या हातातली सर्टिफिकिटांची फाईल काढून घेतली, दोन्ही हातांवर आडवी धरली, आणि रिकाम्या रस्त्यावरही लोकांना बाजूला व्हायला सांगत असल्यासारखे तिच्यापुढे चालू लागले.