आधी मागच्या सीटवर बसा

मी एक जुनी स्कूटर आहे, मित्रांनो. माझा रंग उडाला आहे, आरसा एकच उरला आहे आणि किक मारणाऱ्याचा अंत पाहिल्याशिवाय मी सुरू होत नाही. पण माझ्या मागच्या सीटवर गावातली भलीभली माणसं बसून गेली आहेत, हे मी हँडल ताठ करून सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या तरुण जोडप्याकडे जाईन, मिरवेन. वाट्याला आली गावाची निधी संस्था. लोकांच्या देणग्या एकत्र करून गावातल्याच गरजेच्या कामांपर्यंत पोहोचवणं, हे तिचं काम. ते सांभाळणाऱ्या ताई भारी हट्टी. कुणी देणगी घेऊन आलं की म्हणायच्या, "आधी मागे बसा. बघून येऊ, मग ठरवू." कुणी नाक मुरडायचं, कुणी रस्ताभर जीव मुठीत धरून बसायचं.

एकदा भांड्यांचे दुकानदार काका आले. त्यांच्या पत्नीला पक्षाघात झाला होता, तेव्हा गावच्या फिजिओथेरपी केंद्रात ती पुन्हा चालायला शिकली होती. आता ती या जगात नव्हती.

"केंद्राला ट्रेडमिल द्यायचीय. मोठी. आणि वर तिचं नाव," काका म्हणाले.

ताईंनी वाद घातला नाही. मला किक मारली.

केंद्राचं दार सताड उघडं होतं, त्यामुळे मला आतलं सगळं दिसत होतं. तीन मोठी यंत्रं होती. तिन्हींवर देणगीदारांची नावं आणि तिन्हींवर चादरी! रुग्णांना उभं करणारी फिजिओ बाई एकटीच. महिनाअखेर तीही जाणार होती, कारण पगाराला कुणी देणगी देत नव्हतं. पगारावर नाव कुठे कोरणार? ती गेली की केंद्राला कुलूप लागणार होतं.

एक आजोबा तिचे हात धरून पाऊल टाकत होते.

"तू गेलीस की मला कोण चालवणार गं?"

"येईल कुणीतरी, आजोबा."

"थापा मारू नकोस. तुला जमत नाहीत."

तेवढ्यात तिला दारातले काका दिसले. ती हसली. "काका! काकूंची रोज आठवण येते. अजून दोन पावलं म्हटलं की म्हणायच्या, तूच चाल!"

काकांना हसू आलं आणि डोळेही भरले. मलाही गलबलून आलं.

"ताई, ट्रेडमिल राहू द्या," ते म्हणाले. "हिला थांबवायला माझी देणगी पुरेल?"

"वर्षभर पुरेल. पण ती निधीत ठेवली आणि इतरांनी भर घातली, तर नुसत्या व्याजावर हिचा पगार कायमचा निघेल."

"मग इतरांना मी आणतो."

"आणि काकूंचं नाव?"

काकांनी फिजिओ बाईकडे पाहिलं. "ते हिच्या तोंडी आहेच की."

पुढे काकांनी खरंच एकेकाला पकडून आणलं. खड्डे चुकवत मी सगळ्यांना केंद्रात नेलं. कुलूप काही लागलं नाही. आता ताईंकडे नवी गाडी आहे आणि मी शेडमध्ये धूळ खात उभी असते. वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू? पण समोरच्या रस्त्यावरून ते आजोबा काठी टेकत एकटे जाताना दिसतात, तेव्हा बरं वाटतं.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही कुणाला काहीतरी द्याल. तेव्हा त्यांच्या दारात उभं राहून विचारा, "तुम्हाला काय हवंय?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.