यादी खाली करा

मित्रांनो, मी एक जुनी मार्गदर्शक पुस्तिका आहे. पाने अवघी चोवीस. पनवेलजवळ कळंबोलीत, एका मालवाहतूक कार्यालयाच्या लोखंडी कपाटात मी पडून असते. संगणकावर गाड्यांची नोंद कशी ठेवावी, ते मी सांगते. निदान सांगायला हवे होते.

मला संगणक कंपनीतल्या शैलेशने लिहिले. पुण्यातल्या थंडगार खोलीत बसून तो एकेका वाक्यासाठी डोके धरी. मुलगा कष्टाळू, शुद्धलेखन तीनदा तपासणारा. मी छापून आले तेव्हा सगळ्यांनी माझ्या गुळगुळीत कागदाची वाहवा केली आणि मीही फुशारले. पण गाड्यांच्या नोंदी ठेवणारा एकही माणूस शैलेशने कधी पाहिला नव्हता.

२००९ साली मी इथे आले. तेव्हा या टेबलावर भामाताई बसत. उलव्याकडच्या गावातून त्या रोज येत. न्हावा शेव्याला जाणाऱ्या गाड्या त्यांनी अठरा वर्षे वहीत उतरवल्या होत्या. कोणती गाडी भरली, कोणती खाली झाली, म्हणजे माल उतरवून रिकामी झाली, हे त्या वही न उघडता सांगत. आता वही बंद होणार होती. ज्याला संगणक जमेल तोच टेबलावर बसेल, असे मालक धर्मराजशेठ यांनी सांगून टाकले होते.

एका सकाळी संगणक कंपनीची दिपिका आली. मला वाचून लोकांना काम जमते का, हे तिला तपासायचे होते. शेजारी बसायचे, पाहायचे, लिहून घ्यायचे, पण मदत करायची नाही, असा तिला नियम होता. तिने पडद्यावर तीस गाड्यांची सरावाची यादी लावली.

"ताई, परीक्षा तुमची नाही, या पुस्तिकेची आहे," ती म्हणाली.

भामाताई हसल्या. "बरं हाय. पन ती नापास झाली तर घरी कोन जानार? ती, का मी?"

पंचविसावी गाडी शोधायची होती. पडद्यावर दहाच दिसत होत्या. भामाताईंनी माझे नववे पान उघडले आणि ओळीवर बोट ठेवून वाचले, 'गाडी दिसत नसल्यास यादी खाली करा.'

यादी खालच्या बाजूला सरकवा, असे शैलेशला म्हणायचे होते. पण भामाताईंच्या आवारात 'खाली करणे' म्हणजे रिकामे करणे. त्या थबकल्या.

"सगलीच खाली करायची?"

दिपिकाने पेन्सिल घट्ट धरली. नियमाने तिचे तोंड बांधले होते. मला तर तोंडच नाही. त्या बोटाखाली माझी ओळ होती, आणि तिच्यातला एक शब्दही मला हलवता येत नव्हता. भामाताईंनी सगळ्या गाड्यांवर खूण केली आणि 'पुसा' दाबले. संगणकाने विचारले, 'खात्री आहे?' त्यांनी 'हो' म्हटले. पडदा कोरा झाला.

शेठ नेमके मागेच उभे होते. यादी सरावाची होती, चूक पुस्तिकेतल्या शब्दाची आहे, हे दिपिकाने परोपरीने सांगितले. खऱ्या तीस गाड्या असत्या तर कुठे शोधायच्या, एवढेच शेठनी विचारले.

"लिवलंय तसंच केलं, शेठ," भामाताई म्हणाल्या. मग त्यांनी मला मिटले, वही माझ्यावर नीट ठेवली आणि डबा उचलला.

नवव्या पानावर 'खाली' या शब्दाभोवती दिपिकाने काढलेला पेन्सिलचा गोल अजून आहे. दोन महिन्यांनी सुधारलेली पुस्तिका आली. तोवर टेबलावर दुसरेच कोणी बसू लागले होते.

मित्रांनो, तुम्हीही पुढे कुणासाठी तरी काही लिहाल, कुणाला काही शिकवाल. तेव्हा आधी त्या माणसाशेजारी बसा. तुमचे वाक्य त्याला मोठ्याने वाचू द्या आणि त्याला त्यातून काय कळले ते विचारा. छापून झाल्यावर आम्हा पुस्तिकांच्या हातात काही राहत नाही.

त्या दिवशी नापास मी झाले. घरी भामाताई गेल्या.