मामीने नाव सांगितलं का

विमानतळाच्या रस्त्याला लागल्यावर भाऊजींनी पुन्हा एकदा धडा म्हणायला लावला.

"विचारलं, कुठे राहत होतात, तर?"

"इथे तिथे," मामी म्हणाली.

"कुणाकडे?"

"ओळखीच्यांकडे."

"नाव?"

"आठवत नाही."

"शाब्बास! आणि पासपोर्ट कुणाकडे होता?"

"माझ्याच पिशवीत."

"बघा, जमतंय की," भाऊजी आरशातून हसले. "तुम्ही विसराळू आहात असं वाटलं तरी चालेल, वहिनी. म्हाताऱ्या बाईला कोण काय करतंय?"

पुढच्या सीटवरून वन्सं वळल्या. "अहो, पुरे करा तो छळ. वहिनी काय परकी आहे? घरचं माणूस घरच्यांच्या अन्नात माती कालवेल का? हो ना गं, वहिनी?"

मामीने मान हलवली. मान हलवायला काय जातं! खिडकीबाहेर दुकानांच्या पाट्या, बसथांबे, कुत्र्याला फिरवणारी माणसं सरकत होती. इतकी वर्षं या शहरात काढून हा रस्ता ती आज दुसऱ्यांदा बघत होती.

वन्सं म्हणजे मामीच्या नवऱ्याची धाकटी, एकुलती एक बहीण आणि भाऊजी वन्संचे यजमान. नवरा गेला त्या वर्षीच वन्संचा फोन आला होता. दिवस राहिलेत, इथे आपलं म्हणून कुणी नाही, बाळंतपणाला ये. मामीने कॉलेजात जाणाऱ्या लेकीला आपल्या बहिणीकडे ठेवलं आणि सहा महिन्यांचा व्हिसा काढून ती आली. छकुली झाली. तिला न्हाऊमाखू घालणं, शेक-शेगडी, वन्संचं पथ्यपाणी, सगळं मामीने पाठच्या बहिणीचं करावं तसं केलं. मुदत संपत आली तेव्हा भाऊजी म्हणाले, "वाढवून आणतो." पासपोर्ट घेऊन गेले. परत आला तो त्यांच्या कपाटात गेला आणि किल्ली त्यांच्या खिशात.

मुदत वाढवलीच नव्हती. हे मामीला कळलं तेव्हा वन्संची रजा संपली होती आणि पुढच्या खोलीत शेजारपाजारची मुलं सांभाळायला येऊ लागली होती. "छकुलीला सोबत," असं वन्सं म्हणाल्या. सोबत वाढत गेली. दुपटी, बाटल्या, शी-शू, जावळं आणि शेंबडी नाकं. सगळ्या पोरांची ती मामी झाली. ती घरी जायचं म्हणाली की भाऊजी मान हलवत. "तुम्ही आता बेकायदा, वहिनी. विमानतळावर धरतात आणि सरळ आत टाकतात. आमचं सोडा हो, तुमची काळजी वाटते."

त्या दिवसापासून दाराची बेल वाजली की मामी हातातलं टाकून देई. ती कपडे धुण्याच्या मशीनमागच्या अरुंद जागेत जाऊन उभी राही. टपालवाला असो, नळ दुरुस्त करणारा असो, नाहीतर कुणाची तरी आई असो. छकुलीला तो खेळच वाटायचा. बोलायला लागली तेव्हा तिच्या पहिल्या वाक्यांत एक होतं, "मामी, लप!" रात्री स्वप्नातही बेल वाजायची. मामी अंथरुणात उठून बसायची आणि मग कुणीच नाही म्हणून देवाचं नाव घेत आडवी व्हायची.

हेही एक वेळ मामीने गिळलं असतं. नशिबाचे भोग म्हणायची तिला सवय होती. पण लेकीचं लग्न ठरलं. मामी भाऊजींच्या पाया पडली. होय, लहान माणसाच्या पाया पडली. ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू." पुढच्या महिन्यात लग्न होऊन गेलं. लंगोटांच्या खोक्याला फोन टेकवून मामीने एका हाताने कुणाचं तरी पोर पुसत लेकीची पाठवणी पाहिली. लेक मावशीच्या गळ्यात पडून रडत होती. पडद्यात दिसली ती फक्त तिची पाठ. मागून वन्सं म्हणाल्या, "बरं झालं गं, नीट पार पडलं. तू गेली असतीस तर इथे कोणी बघितलं असतं?"

त्या दिवशी मामीच्या मनात काहीतरी दगड होऊन बसलं.

फसवणूक कळली ती सांभाळायला येणाऱ्या एका पोराच्या आईकडून. ती परिचारिका होती. "तुरुंग? आपण होऊन जाणाऱ्याला कुणी तुरुंगात टाकत नाही. पुन्हा येऊ देत नाहीत, एवढंच." एवढंच! या एवढ्याशा शब्दासाठी तिने मशीनमागे इतकी वर्षं काढली होती.

मग लेकीचा फोन आला. आठवा लागला होता. "आई, या वेळी तरी येशील ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी उठली, अंघोळ केली, अंथरुणाची घडी केली आणि त्या घडीवर बसून राहिली. पोरं आली, रडली, एकमेकांना चावली. मामीने बोट उचललं नाही. वन्सं ओरडल्या, मग रडल्या, मग स्वतःच बाटल्या उकळायला लागल्या. संध्याकाळी भाऊजींनी सुस्कारा टाकून कपाट उघडलं. तिकीट लेकीने पाठवलं होतं. आणि तिथून हा धडा सुरू झाला, कारण त्या पाळणाघराला परवाना नव्हता आणि मुदत संपलेल्या माणसाला घरात राबवणं हा त्या देशात मोठा गुन्हा होता. हेही परिचारिकेनेच सांगितलं होतं.

मामीने धडा पाठ केला. मनात मात्र एकच घोकत होती. भाऊजींचं नाव, आडनाव, घर नंबर, रस्ता. घोकून घोकून स्तोत्रासारखं सहज ओठावर यायला लागलं होतं.

विमानतळाच्या दारात वन्सं गळ्यात पडल्या. छकुली शाळेत गेली होती. तिला मुद्दामच आणलं नव्हतं. "येते," असं म्हणायची रीत. मामी काहीच न बोलता आत गेली.

खिडकीमागच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला, पानं उलटली, पुन्हा उलटली आणि तिला बाजूच्या लहान खोलीत बसवलं. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात वाळलेलं झाड. त्याने फोन लावून मध्ये ठेवला. फोनमधून चक्क मराठी आवाज आला. "नमस्कार. मी दुभाषी बोलतेय. साहेब विचारतील ते तुम्हाला सांगते. घाबरू नका."

या देशात सरकारने तिच्याशी पहिल्यांदाच बोलायचं ठरवलं होतं, आणि तेही मराठीत.

"ते विचारताहेत, इतकी वर्षं कुठे राहिलात? कुणी ठेवून घेतलं होतं का? पासपोर्ट काढून घेतला होता का?"

नाव जिभेच्या टोकावर आलं. मामीने विचारलं, "बाई, समजा मी नाव सांगितलं, तर पुढे काय होतं?"

दुभाषीबाई आणि अधिकारी आपापसांत बोलले. "मग ते आजच त्या घरी जातील. पण तुम्हाला आज जाता येणार नाही. तुम्ही साक्षीदार. चौकशी होईपर्यंत राहावं लागेल. राहायची सोय ते करतील."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही म्हणतात. चार महिने, सहा महिने."

म्हणजे सूड घ्यायचा तर बाळंतपण जाणार. लग्न खाल्लं त्या माणसाने, आता तिच्याच हाताने नातवंडही खाणार होता. तिने टेबलाची कड घट्ट धरली. देवा, असा कसा रे तुझा न्याय? एका हाताने ताट वाढतोस आणि दुसऱ्या हाताने पाट ओढतोस!

लेक तिला गावच्या देवळातल्या बुवांची कीर्तनं फोनवर पाठवत असे. पोरं दुपारची झोपली की मामी एका कानात ती लावायची. बुवा कंसाचं आख्यान फार रंगवून सांगत. आत्ता त्या खोलीत तिला बुवांचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. 'मंडळी, कंसाला मारायला देवाला किती वेळ लागला? केस धरले, ओढला, बुक्की घातली, संपलं! मग देव इतकी वर्षं थांबला कशाला? गोकुळातलं लोणी संपत नव्हतं म्हणून? नाही हो! त्याला कंसाला धास्ती द्यायची होती. कंस जेवायला बसला की ताटात कृष्ण, पाणी प्यायला की पेल्यात कृष्ण, पान हललं तरी आला आला! मरण क्षणाचं, मंडळी. धास्ती जन्माची!'

आणि टाळ, मृदंग, हशा.

मामीने पदर सारखा केला. "बाई, आज नाव सांगत नाही म्हणावं. लेक बाळंत व्हायची आहे. पण तिकडे गेल्यावर कळवलं तर?"

पुन्हा बोलणं झालं. "लेखी कळवू शकता. कधीही. त्याला मुदत नाही म्हणतात."

"कधीही?"

"कधीही."

"साहेबांना म्हणावं, देव त्यांचं भलं करो," मामी म्हणाली. मग अधिकाऱ्याने मुलाबाळांचं विचारलं, लेकीचं विचारलं, आणि मामी बोलत सुटली. किती दिवसांनी कुणीतरी तिला विचारत होतं! शेवटी शिक्का पडला. आता या देशात तिला येता येणार नव्हतं. छकुलीचं तोंड आठवून तिने क्षणभर डोळे मिटले.

विमानाकडे जायच्या दाराशी खुर्च्या होत्या. मामी बसते न बसते तोच फोन वाजला. मामी खोटं बोलत नसे. तो तिचा नेम होता. तिने देवाला हात जोडले आणि फोन उचलला.

"वहिनी! सुटलात ना?" भाऊजी कुजबुजत होते. "काही विचारलं का?"

"विचारलं हो. वेगळ्या खोलीत नेऊन विचारलं."

"खोलीत? काय... काय विचारलं?"

"कुठे राहिलात, कुणी ठेवलं, पासपोर्ट कुणी घेतला."

"मग तुम्ही सांगितलं ना, ठरल्याप्रमाणे? तुम्हाला कुठे त्यांची भाषा येते म्हणा."

"अहो, मराठी बोलणारी बाई दिली होती त्यांनी. काय गोड बोलते! बराच वेळ बोलले मी."

पलीकडे काहीतरी खाली पडलं. "वहिनी, नाव सांगितलंत?"

"नाव सांगितलं की आजच त्या घरी जातात, असं म्हणाल्या त्या बाई."

"आज? म्हणजे आता? वहिनी, नाव सांगितलं का ते बोला!"

"आज नाही तर उद्या. कधीही कळवलं तरी चालतं म्हणे. मुदतच नाही. चांगला कायदा आहे तुमच्याकडे."

भाऊजींनी एक शिवी हासडली, मग माफी मागितली, मग पुन्हा शिवी. फोन वन्संच्या हातात गेला. "वहिनी, तुला दादाची शपथ. खरं सांग. आम्ही घर सोडावं का? पोरं आत्ताच आलीत गं घरात. वकील बघावा का?"

दादाची शपथ. एका शब्दाचं काम होतं, 'नाही सांगितलं' म्हणायचं आणि वन्संचा जीव भांड्यात पडला असता. नवऱ्याची ही एकच बहीण. लहानपणी त्यांच्या पाठीवर बसून फिरायची म्हणे.

मग तिला लेकीची पाठ आठवली, फोनच्या पडद्यातली.

"वन्सं," ती म्हणाली, "छकुलीच्या दप्तरात रुमाल ठेवत जा, तिला सारखी सर्दी होते. आणि झोपताना पायाला तेल लावा. पोरीवर माझा राग नाही. तिला सांगा, मामी रोज तिच्यासाठी देवाला दिवा लावील."

"आणि आमच्यावर?"

मामीने फोन बंद केला.

तो लगेच पुन्हा वाजू लागला. वाजला, थांबला, वाजला. शेजारच्या खुर्चीवर एक मराठी आजोबा बसले होते. लेकाकडून परत चालले होते. न राहवून ते म्हणाले, "उचला ना, बाई. कुणीतरी फार काळजीत दिसतंय."

"आहेत खरे."

"कोण?"

"नणंदेचे यजमान."

"वा! एवढी माया करणारे नातेवाईक हल्ली मिळतात कुठे?"

"नाही मिळत," मामी म्हणाली. "आता दर घटकेला माझं नाव घेतील बघा. बुवा म्हणतात, वैराने का होईना, नाव घेत राहिलं की माणूस तरून जातो."

आजोबांनी भक्तिभावाने मान डोलावली. विमानात बसायची हाक आली. मामी पिशवी खांद्याला लावून रांगेत उभी राहिली, आणि पिशवीत फोन वाजतच राहिला.