मी बाहेरच आहे

"ओरड, हवं तेवढं ओरड. मी काही उठायचा नाही," असं पिंजऱ्याला बजावत लिफ्टवाला तिसऱ्यांदा उठला.

पिंजऱ्यात बटाट्या होता. कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू, आवाज मात्र पाच माणसांचा. लेकीने तीन दिवसांपूर्वी त्याला हौसेने आणलं आणि रात्रपाळीला जाताना बापाच्या गळ्यात मारलं.

"बाबा, पिंजरा बंदच ठेवायचा हं. रडला तरी उघडायचा नाही. हळूहळू सवय लागते."

"कुणाला?" त्याने विचारलं होतं. ती हसत जिना उतरून गेली.

सवय कुणालाच लागली नव्हती. तीन रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आज दुपारी तर लिफ्टच्या टपावर दुरुस्तीचं काम करताना त्याला उभ्या उभ्या डुलकी लागली. बाजूला नऊ मजल्यांची पोकळी होती. जोडीदाराने दंड धरला म्हणून निभावलं.

आणि पिल्लू रडलं की आई जागी व्हायची.

आईचं डोकं गेल्या वर्षापासून विसराळू झालं होतं. दोन महिन्यांपूर्वी ती रात्री घरातून निघून गेली आणि उजाडताना रुळांच्या कडेला अनवाणी सापडली. लेक पहाटे आपल्या किल्लीने घरात यायची, म्हणून बाहेरच्या दाराला नुसता खटका असायचा, आणि तो आईला आतून सहज उघडता येई. तेव्हापासून रात्री आईच्या खोलीला बाहेरून कडी. दुसरा इलाज नाही, असं तो स्वतःला सतरा वेळा सांगायचा. खरं म्हणजे इलाज होता. बाहेरच्या दारात आडवं पडून रात्रभर अर्धं जागं राहायचं. पण कडी सोपी होती.

आताही आतून ठकठक सुरू झाली. जरा थांबायची, पुन्हा ठकठक. इकडे बटाट्या जाळीवर नखं घासत होता. लिफ्टवाल्याने एकदा त्या दाराकडे पाहिलं, एकदा पिंजऱ्याकडे, आणि वैतागून पिंजऱ्यापुढे फतकल मारली.

"मी बाहेरच आहे रे. कुठे जात नाही," तो म्हणाला.

सत्तावीस वर्षांच्या सवयीने हे वाक्य तोंडातून गेलं. मधेच बंद पडलेल्या लिफ्टपाशी पोचलं की हत्याराला हात लावायच्या आधी बोलायचं, हे त्याला उस्तादाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आतलं माणूस घाबरून दार उचकटायला जातं आणि तिथेच घात होतो. बाहेर कुणीतरी आहे एवढं कळलं की ते निमूट खाली बसतं.

बटाट्याही बसला. जाळीतून ओलं नाक बाहेर काढून ऐकत राहिला. पण हा उठून अंथरुणाकडे निघाला की पुन्हा बोंब. चूक पिल्लाची नव्हती. नुसतं बोलून दार उघडायचंच नाही, असं त्याने आजवर कुठल्या लिफ्टपाशी केलं होतं?

त्याने पिंजरा उघडला. अंथरुणाशेजारी जुनी गोधडी घातली, पिल्लाला तिच्यावर ठेवलं आणि पाठीवर हात टाकून पडला. ते कूस बदलायचं, हा थोपटायचा. असं कितीदा तरी झालं. शेवटी हाताखालचा श्वास संथ झाला, आणि त्याचेही डोळे मिटले.

ठकठक.

हाताखालची ऊब निसटली. बटाट्या तुरुतुरु आईच्या दाराशी गेला आणि फटीला नाक लावून बसला. रडणं नाही, भुंकणं नाही. नुसता बसून राहिला.

लिफ्टवाल्याला भयंकर लाज वाटली. परक्यांना सांगितलं, आज कुत्र्यालाही सांगितलं, आणि दोन महिने हिला काय? तो ठोकणं ऐकायचा आणि उशी कानावर दाबायचा.

तो दाराशी गेला. "आई, मी बाहेरच आहे."

ठकठक थांबली. "मी म्हणजे कोण?"

तुझा मुलगा, हे ओठांवर आलं होतं. पण या उत्तराने ती हल्ली जास्तच बिथरायची.

"लिफ्टवाला," तो म्हणाला.

"केवढा हा उशीर! मघापासून ठोकतेय मी."

"चुकलंच. उघडतो हं. तुम्ही दारापासून जरा मागे सरा."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने आईला अहो-जाहो केलं. मग कडी काढली.

त्याने आपलं अंथरूण ओढत नेलं आणि बाहेरच्या दाराला पाठ लावून आडवा झाला. आई घरभर फिरत राहिली. खिडकीशी गेली, नळ सोडून बंद केला, खुर्ची सरकवली, पुन्हा खिडकी. मागे बटाट्याची नखं टिकटिकत होती. झोप कसली लागते! प्रत्येक पाऊल त्याच्या कानात पडत होतं. फटफटायला लागलं तेव्हा कुठे आई त्याच्या उशाशी येऊन टेकली. पिल्लू तिच्या मांडीत गाढ झोपलं होतं.

खटका वाजला. दार जेमतेम बोटभर उघडून त्याच्या पाठीला अडलं.

"बाबा? अहो, दार का अडलंय?" लेकीचा आवाज घाबरलेला होता.

आईने फटीला तोंड लावलं.

"शू! घाबरू नकोस बाळ, मी इथेच आहे. लिफ्टवाला झोपलाय, दमलाय बिचारा. उठला की उघडेल."

तिने चादर त्याच्या खांद्यापर्यंत ओढली. लिफ्टवाला जागा होता. त्याने डोळे उघडले नाहीत.