तरंगानंदांची रुसलेली पेटी

तो आवाज मला अजून आठवतो. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये जयंतरावांचा पहिला मोडेम इंटरनेटला हाक मारायचा: ‘किंऽऽ खर्रर्र टुंग!’ आम्ही शेजारी दूध उतू गेलं तरी ऐकत उभे. मग मेट्रो नोएडात पोचली, तिच्या मागोमाग आम्ही दोन्ही कुटुंबं पोचलो, आणि ब्रॉडबँडचा नवा मोडेम निघाला मुका. काळी पेटी, हिरवे दिवे, बस्स. मुक्याच्या तोंडी काहीही घालता येतं.

त्या संध्याकाळी जयंतरावांच्या बैठकीत अख्खी सोसायटी लोटली होती. बिल्डरनं फोनचा पॉइंट देवघराच्या कोनाड्यातच दिलेला, त्यामुळे मोडेम देवांच्या शेजारी बसे. आता त्याला हळदकुंकू लागलं होतं, लाल धागा गुंडाळला होता. रोज दिवेलागणीला, आरतीच्या वेळी, त्याचा एक दिवा लाल होई आणि नेट जाई. बायकांच्या भजनी मंडळानं तर ओवीच रचली होती:

काळ्या गं पेटीचे हिरवे दिवे चार,
सांज झाली बाई, एक झाला गार!

हसू येई, पण जयंतरावांच्या सुनेला, स्वानंदीला, नाही. ती संध्याकाळी घरातून दुबईच्या मुलांना गणित शिकवायची. आणखी एक तास मधेच तुटला तर नोकरी गेली, असं कंपनीनं बजावलं होतं.

“मी मोडेमच्या आत डोकवायला बघते,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली, “त्याचा नंबर टाकते, तर पान उघडतं भलत्याचंच! त्या वायफायच्या राउटरचं!”

पेटी बघायला खास बोलावलेल्या तरंगानंद महाराजांनी मांडीवर थाप मारली. “सुना? बुलाया किसको, और बोला कौन! यह बाधा है, बाधा!”

“अगं बाई!” सोसायटीतल्या हेमलताताई दोन पावलं मागं सरल्या, नेमक्या समोश्यांच्या ताटापाशी.

“मौन!” महाराज गरजले. “घंटा बंद! पंखा बंद! साँस धीरे!”

आरतीचं विजेचं यंत्र, तेच ते मोटारीवर नगारा आणि घंटा एकदम बडवणारं, बंद झालं. महाराजांनी पेटीवर हात ठेवला. “मेगाय नमः, गिगाय नमः, डाउनलोडाय स्वाहा...” आणि दिवा हिरवा झाला! टाळ्या, जयजयकार.

मग निवाडा आला. बहू दिवेलागणीला देवाकडे पाठ करून बसते, म्हणून पेटी रुसते. नोकरी सोडवा. अमावास्येला पेटी यमुनेत सोडा. तोवर धाग्याला कुणी हात लावायचा नाही.

“आई, तुम्ही तरी काही बोला,” स्वानंदी सासूला म्हणाली.

अरुणावहिनींनी पदर बोटाला गुंडाळला. “महाराज म्हणतात तर...”

“काकू, धाग्याला हात न लावता बघितलं तर चालेल?” दारातून आवाज आला. खालच्या मजल्यावरची मैत्री, शाळेत विज्ञान शिकवणारी. कुणी नको म्हणायच्या आत ती लॅपटॉपपाशी बसलीसुद्धा.

“आपली इमारत बी-चौदा. पलीकडच्या सेक्टरमध्येही बी-चौदा आहेच की! कुरियरवाला नेहमी चुकतो ना?”

“माझी साडी तिकडंच गेली होती!” हेमलताताई म्हणाल्या.

“अगदी तसंच. मोडेम आणि राउटर, दोघांना कारखान्यातून एकच पत्ता मिळालाय. राउटर दारातच बसलेला. हाक मागच्याला मारली, तरी पुढचा ‘ओ’ देतो. बाधा कसली? या पुढच्याचा नंबर बदलू, आणि मागच्याकडे जायची वाट त्याला दाखवू.”

कीबोर्डवर टकटक झाली आणि मोडेमचं पान उघडलं. लाइन किती स्वच्छ आहे, त्याचा आकडा पडद्यावर होता.

“आता आरतीचं यंत्र लावा.”

ढमढम-टणटण सुरू झालं. आकडा घसरत गेला आणि दिवा लाल. “बंद करा.” जरा वेळानं दिवा आपला आपण हिरवा.

“मंत्र कुणी म्हटला?” मैत्रीनं विचारलं. “यंत्राची मोटार फोनच्या तारेला चिकटून आहे. ती तारेत खरखर सोडते. बंद केली की मोडेम स्वतःच लाइन जोडतो. जोडायला जेवढा वेळ, तेवढाच लांब मंत्र! काका, यंत्र आणलंत कुठून?”

“महाराजांच्याच आश्रमातून,” जयंतराव पुटपुटले.

“यार, आमच्याकडेही तेच आहे!” शेजारचे पद्माकर ओरडले. “आणि नेट संध्याकाळीच जातं!”

महाराज उठले. “हमें दूसरे सेक्टर जाना है।”

“तिथंही घंटा विकलीत वाटतं?” हेमलताताईंनी तोंडातला समोसा सांभाळत विचारलं, आणि हसण्याच्या लाटेवर महाराज लिफ्टपर्यंत वाहत गेले.

मंडळी, पेटी रुसत नाही. एखाद्या गोष्टीवर संशय आला, तर ती बंद करून पाहावी, पुन्हा लावून पाहावी, आणि दोन्ही वेळा डोळे उघडे ठेवावेत. एवढ्यानं पुष्कळ महाराज बेकार होतील.

जयंतराव मात्र घुटमळले. “ते ठीक आहे. तरी दिवेलागणीला सून...”

“स्वानंदी, तू तासाला बैस,” अरुणावहिनी मधेच म्हणाल्या. यंत्राची वायर त्यांनी स्वतः उपटली. मग नवऱ्याकडे वळल्या. “मला टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी लागली होती, आठवतं? संध्याकाळची पाळी. तुमच्या आई म्हणाल्या, दिवेलागणीला सून घरात हवी. मी सगळ्यांना सांगितलं, मलाच नको आहे.”

उपटलेली वायर त्यांनी जयंतरावांच्या हातात ठेवली.

“खोटं होतं ते. मला हवी होती.”