एक वायर पलीकडे

मी जनरेटर बोलतोय. बोलतोय म्हणजे ओरडतोय. हळू बोलायचं मला कुणी शिकवलं नाही आणि या वयात शिकणारही नाही.

परदेशातल्या लोकांनी पैसे घातले म्हणून मी जन्मलो. लाकडी पेटीत बसून, जहाजातून हेलपाटत या हॉस्पिटलच्या आवारात आलो. पोटावर पाटी होती : फक्त एचआयव्ही कार्यक्रमासाठी. माझ्यासमोर नवी पिवळी खोली. तिथे रक्त तपासायचं यंत्र, गोळ्यांची कपाटं. वीज गेली की ती खोली मी चालवायची.

खोटं कशाला बोलू, त्या लोकांना मी मानतो. मी आलो तेव्हा माणसं खाटेवरून येत होती, नुसती हाडं. गोळ्या सुरू झाल्या आणि वर्षभरात तीच माणसं चालत येऊन रांगेत भांडायला लागली. भांडतंय म्हणजे जगतंय.

पण आवाराच्या पलीकडे जुनी इमारत होती, बाळंतपणाची आणि ऑपरेशनची. वीज गेली की तिथल्या सिस्टरबाई दातांत बॅटरी धरून टाके घालायच्या. इकडे पिवळ्या खोलीत पंखासुद्धा चालू. मला लाज वाटायची, पण जनरेटरच्या लाजेला विचारतो कोण?

शेवटी वायरमनने माझ्यापासून तिकडे एक वायर ओढली. नियमात बसत नव्हतं. म्हणून पैसे देणाऱ्यांकडून कुणी पाहणीला आलं की तो माझ्याकडचं टोक काढून ठेवायचा आणि वायरीवर धुतलेल्या चादरी वाळत घालायचा. कपड्यांची दोरी वाटावी म्हणून! शिकलेल्या माणसांची अक्कल ही. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनाच सुचलं होतं ते.

अशाच एका पाहणीच्या दिवशी, भर दुपारी, जुन्या इमारतीत एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं सिझर चाललं होतं. चार वर्षं ती पिवळ्या खोलीतल्या गोळ्या खात होती, एक दिवस न चुकवता. बाळाला आपला आजार लागू नये एवढंच तिचं मागणं. पोट उघडलं आणि वीज गेली.

मला चालू केलं ते पिवळ्या खोलीसाठी. पाहणीला आलेल्या पाहुणीबाई तिथेच होत्या, यंत्राकडे कौतुकाने बघत. सिस्टरबाई हातमोजे घालूनच पळत अंगणात आल्या. साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. पाच मिनिटं बॅटरीवर भागवा, यांची गाडी निघू दे, नाहीतर सगळाच निधी जाईल, म्हणाले. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. पण घाबरलेल्या माणसाचं ऐकायचं नसतं.

सिस्टरबाई म्हणाल्या, "साहेब, ही बाई कालपर्यंत त्यांची होती. आज आमची झाली. बाळ झालं की परत त्यांची. मग वीजच तेवढी कायम त्यांची कशी?"

आणि त्यांनी स्वतःच चादरी ओढून मातीत टाकल्या. वायरमन धावला, त्याने टोक जोडलं. पिवळ्या खोलीतला रक्त तपासणारा, एरवी भारी चिकट माणूस, त्याने कुणी न सांगता आपलं यंत्र बंद केलं. "माझं तासभर थांबेल. तिकडचं थांबणार नाही," म्हणाला.

मी काळा धूर ओकला, थरथरलो, पण थांबलो नाही. बाळ रडलं ते मला ऐकू आलं नाही, माझाच आवाज केवढा! वायरमन माझ्याशेजारी मटकन खाली बसला आणि हसायला लागला, त्यावरून कळलं.

पाहुणीबाईंनी वायरीबद्दल विचारलं. सिस्टरबाईंनी सगळं खरं सांगितलं, चादरींसकट. पाहुणीबाई म्हणाल्या, "यापुढे निदान ओल्या चादरी नका घालू. कुणीतरी मरेल."

दुसऱ्या वर्षी त्यांच्याच पैशातून जमिनीखालून जाड केबल आली. पाटी बदलली. त्याच पैशातून जुन्या इमारतीला ऑक्सिजन आला, रक्त ठेवायचा फ्रीज आला. आता ताप आलेलं पोर असो की पाय मोडलेला म्हातारा, माझी वीज कुणाला जात विचारत नाही, रोग विचारत नाही.

आणि ते बाळ? मुलगी. तिचं रक्त पिवळ्या खोलीतल्या यंत्रात गेलं तेव्हा वीज माझीच होती. दीड वर्षाची होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासलं. आजार नाही. आईने शेवटचा कागद तीनदा वाचून घेतला, मग पायरीवर बसून पोटभर रडली.

आता मी म्हातारा झालो. पट्टा सैल, तेल गळतं. निधी आटतोय असं सारखं कानावर येतं. घरोघरी जाऊन गोळ्यांची आठवण करणाऱ्या दोघी बायकांना घरी बसवलं. आजार आटोक्यात आला म्हणे, मग पैसे कशाला? अरे शहाण्यांनो, आटोक्यात आला तो कशामुळे?

ती शिवणकामवाली अजून गोळ्या न्यायला येते. मुलगी बरोबर असते. माझ्यासमोर उभी राहून कानांवर हात ठेवते आणि ओरडते, "ए म्हाताऱ्या, गप की!"

गप होईन. मला भंगारात घाला, माझी हरकत नाही. तिच्या आईची गोळी तेवढी बंद पाडू नका.