उपमॅडमला खुर्ची कशाला हवी

उपमॅडम ही टीव्हीवरची बाई आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे आमच्या ऑफिसात या नावावरून बराच घोळ झाला. 'केबिन रिकामी आहे' नावाची विनोदी मालिका. गाद्या बनवणाऱ्या कंपनीचं ऑफिस, तिथला सदा पेंगणारा साहेब, आणि त्याच्या हाताखाली ही उपमॅडम. तिला साहेबाची खुर्ची हवी असते. दर भागात ती त्यासाठी काहीतरी कारस्थान रचते, दर भागात तोंडावर आपटते. शेवटी सगळे घरी गेले की साहेबाच्या खुर्चीत घटकाभर बसते, उठते, रुमालाने खुर्ची पुसते आणि दिवे घालवून निघून जाते.

झालं, एवढंच. पण त्या खुर्ची पुसण्यावरून लोकांनी असे तर्क लढवलेत की विचारू नका. चाहत्यांचा एक ग्रुप आहे, मी त्यात पहिल्यापासून. एकाचं म्हणणं, ती मालकाची लपवलेली मुलगी आहे. दुसऱ्याचं, ती दुसऱ्या गादी कंपनीची हेर आहे आणि बसून खुर्चीतल्या कापसाचा अंदाज घेते. तिसरा म्हणतो, साहेब पहिल्याच भागात मेलाय आणि तो फक्त तिलाच दिसतो. मग बाकीचे त्याला फायली कशा देतात, असं विचारलं की हा तिसरा दोन दिवस गायब होतो.

माझा तर्क सगळ्यांत गाजला. मी लिहिलं होतं की बाई रंगीत तालीम करते आहे. खुर्ची मिळाली की आधी जुन्या माणसांना असंच पुसून काढणार, मगच बूड टेकणार. सासूबाईंना मी तो मोठ्या कौतुकाने वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "अगं, तिच्या घरी बसायला धड खुर्ची नसेल. आणि उठताना पुसते, म्हणजे वळण चांगलं आहे पोरीला." सासूबाईंना राजकारण कळत नाही.

आमचं काम लिफ्टचं. म्हणजे लिफ्ट बंद पडली आणि आतल्या माणसाने लाल बटण दाबलं की फोन आमच्याकडे येतो. मेकॅनिक पोचेपर्यंत त्या माणसाला बोलतं ठेवायचं, हे आमचं काम. लाइन तोडायची नाही. 'घाबरू नका' म्हणायचं नाही, कारण ते ऐकल्यावरच माणूस घाबरायला लागतो. किती वेळ लागेल याचा आकडा द्यायचा नाही. आधी खाली बसायला सांगायचं, मग सकाळी काय खाल्लं ते विचारायचं, आणि तेही संपलं की मालिकेवर यायचं. "उपमॅडम खुर्ची का पुसते, तुम्हाला काय वाटतं?" एवढं विचारलं की रडवेला माणूससुद्धा तावातावाने भांडायला लागतो. एक गृहस्थ तर दार उघडल्यावरही बाहेर येईनात, त्यांचा मुद्दा पुरा व्हायचा होता.

ही युक्ती माझी. आमच्याकडे नंतर आलेल्या एका बाईला ती मीच शिकवली, आणि तिथेच माझं चुकलं असं मला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. बाई हुशार. सगळ्यांच्या आधी हजर, सगळ्यांच्या नंतर घरी. मेकॅनिकांच्या पाळ्या कशा लावतात, कुठल्या लिफ्टचा कुठला भाग सारखा बिघडतो, असलं सगळं विचारत बसायची. कुणी एवढं विचारतं का? मी तिचं नाव उपमॅडम पाडलं. ते इतकं चिकटलं की पाणीवालासुद्धा 'उपमॅडमची बाटली' म्हणायला लागला. तिच्या कानावर गेलं असणार, पण ती कधी काही बोलली नाही, आणि मला तेही कारस्थानच वाटलं.

मग आमच्या कक्षप्रमुखांनी निवृत्ती घेतली आणि त्या जागेसाठी दोनच अर्ज आले, तिचा आणि माझा. मी सगळ्यांना सांगत फिरले की मला काही हौस नाही, नवरा मागे लागला म्हणून भरला. नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "मी? मी कधी मागे लागलो?" मी त्याला गप्प बसवलं. खरं सांगायचं तर न्हाणीघरात नळ सोडून मी रोज उत्तरांचा सराव करत होते.

मुलाखती आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. मुख्य कार्यालयातून एक मोठ्या बाई येणार होत्या. आधी तिची मुलाखत, मग माझी, आणि दुपारी मोठ्या बाई परत जाणार. मी इस्त्रीची साडी नेसून लिफ्टमध्ये शिरले. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टने आचका दिला आणि ती थांबली.

मी बटण दाबलं. पलीकडून आवाज आला, "मदत कक्ष. बोला."

उपमॅडम! तिची मुलाखत आटपली होती आणि ती थेट कामावर येऊन बसली होती.

"मी आहे," मी म्हटलं. "आपल्याच लिफ्टमध्ये. माणूस पाठव लवकर."

"पाठवते. तुम्ही आधी खाली बसा बघू."

"साडी चुरगळेल! आणि मला नको सांगू बसायला, हे मीच तुला शिकवलंय."

"बरं. सकाळी काय खाल्लंत?"

"ए बाई! किती वेळ लागेल ते सांग."

तिने तो प्रश्न टाळला. आकडा द्यायचा नाही, नियमच तसा. मग म्हणाली, "जवळचा मेकॅनिक हॉस्पिटलला गेलाय. तिथे लिफ्टमध्ये पेशंट आहे, स्ट्रेचरवर. तो मोकळा झाला की इकडेच येईल."

हॉस्पिटल आधी, हाही नियमच. पण माझं डोकं मालिकेने पार नासलेलं. मला चित्र स्वच्छ दिसलं: हॉस्पिटल नाही, पेशंट नाही, मेकॅनिक खाली चहा पितोय आणि ही बया हेडफोन लावून गालात हसते आहे. दुपार टळली की मोठ्या बाई परत जाणार आणि एकच उमेदवार उरणार.

"तूच केलंस हे," मी ओरडले. "तुला खुर्ची हवी आहे ना? हवी आहे ना तुला?"

"हो," ती म्हणाली.

एवढं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. माझी तयारी पुढच्या खोट्यासाठी होती. मी साडीची पर्वा न करता मटकन खाली बसले.

"हवी आहे मला," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. तुला नको आहे का?"

ती मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाली. मला नवऱ्याचं नाव पुढे करायचं होतं, ते राहूनच गेलं. मला रडू कोसळलं. ती बंद पेटी, चुरगळलेली साडी, आणि वर कुणीतरी माझ्या नावापुढे 'गैरहजर' लिहितंय. मला ती जागा हवी होती. फार हवी होती, आणि ते मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"थांब," ती म्हणाली. "लाइन तोडत नाही. बोलत राहा."

"कुणाशी बोलू?" पलीकडे नुसती खुर्ची सरकल्याचा आवाज. मग पावलं, दारं, कुजबूज. मी शिव्या घालून घेतल्या. त्या पुन्हा उच्चारण्यासारख्या नव्हत्या. आणि मग एक भारदस्त आवाज आला, "झालं का तुमचं? मी मुख्य कार्यालयातून बोलते आहे. आपण मुलाखत सुरू करू या."

उपमॅडमने मोठ्या बाईंना जिना उतरवून आमच्या कक्षात आणलं होतं आणि आपल्या जागेवर बसवून त्यांच्या कानाला हेडफोन लावला होता.

"तुम्हाला हे पद का हवं आहे?" त्यांनी विचारलं.

न्हाणीघरात घोकलेलं उत्तर होतं: संस्थेची सेवा, सहकाऱ्यांची साथ, वगैरे. लिफ्टच्या फरशीवर बसून ते म्हणवेना. "कारण मला हवं आहे," मी म्हटलं. "इथली निम्मी माणसं मी घडवली आहेत. पाळ्या चुकीच्या लागल्या की मला झोप येत नाही. माणूस आत अडकलेला असताना मेकॅनिक उशीर करतो तेव्हा मला त्याला जाब विचारता यायला हवा, नुसतं गोड बोलत बसायचा मला कंटाळा आलाय. आणि कुणीही माझ्या मागे लागलेलं नाही. माझं मीच ठरवलंय."

"जरा हळू बोला," मोठ्या बाई म्हणाल्या. "ऐकू येतं आहे." पण पुढचे प्रश्न त्यांनी मनापासून विचारले, आणि मीही तशीच उत्तरं दिली. शेवटच्या प्रश्नाला वरून खडखडाट झाला आणि दार उघडलं. मेकॅनिकच्या बाहीला हॉस्पिटलच्या फिनेलचा वास येत होता.

निकाल आठवड्याने लागला. जागा तिला मिळाली.

मी तिच्या केबिनमध्ये गेले. दार लावलं आणि विचारलं, "तू गप्प बसली असतीस तरी तुला मिळाली असती. मग त्यांना खाली कशाला आणलंस? उपकार करायला?"

"उपकार कसले?" ती खरोखर चिडली. "मला तुला हरवायचं होतं. लिफ्टने तुला हरवलं असतं तर जन्मभर लोक म्हणाले असते, ती अडकली म्हणून हिला मिळाली. आधी तूच म्हणाली असतीस. ग्रुपवर लिहिलंही असतंस."

लिहिलं असतं, हे खरं होतं. मी तिचं अभिनंदन केलं. त्यातलं अर्धं मनापासून होतं. उरलेल्या अर्ध्यात मी जळत होते, आणि तेही तिला तोंडावर सांगून टाकलं.

"जळ की," ती म्हणाली. "बाकीचे सगळे कालपासून माझ्या होला हो करतायत. मला अशीच कुणीतरी लागणार आहे." आणि पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांचा कागद तिने माझ्यापुढे सरकवला. "चुका काढ."

मी तिथेच बसून काढल्या. चार सापडल्या. तीन तिला दाखवल्या. चौथी चहाच्या सुट्टीची होती, तिने कुणाचं काही बिघडणार नव्हतं. ती मी मोठ्या बाई येतील त्या बैठकीसाठी ठेवून दिली.